गल्लीच्या कोपऱ्यावरचे आरोग्य

पावसाळा ओसरत आला होता. पुण्यातील आमच्या वसाहतीत त्या भाद्रपदात एकाच गल्लीतील चार घरांत डेंग्यूचे रुग्ण निघाले. त्यांत सहावीत शिकणारी एक मुलगी होती. प्लेटलेट्सची संख्या घसरत गेल्यामुळे तिला पाच दिवस रुग्णालयात राहावे लागले. तोवर आम्ही सर्वांनी आपापल्या घरांतील कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रीजमागचे ट्रे आणि गच्चीवरील टाक्या तपासून, कोरड्या करून ठेवल्या होत्या. महापालिकेच्या कीटक प्रतिबंधक विभागाचे कर्मचारी आले. त्यांतील एकाने इमारतीत शिरण्याआधी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या विजेच्या डीपीमागे टॉर्चचा झोत टाकला. तेथे शहाळ्यांच्या कवट्या, चहाचे कागदी पेले, एक फाटका टायर आणि गाठ मारलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या यांचा ढीग होता. एका कवटीतील पाणी त्याने पांढऱ्या वाडग्यात ओतले. त्यात वळवळणाऱ्या अळ्या आम्ही सर्वांनी डोळ्यांनी पाहिल्या. तो एवढेच म्हणाला, “साहेब, घरं तर तुमची चकाचक आहेत.”

त्या वाक्यात टोमणा नव्हता. पण तो लागायचा तसा लागला. तो उकिरडा आम्ही वर्षानुवर्षे रोज ओलांडत होतो. नाकाला रुमाल लावणे आणि महापालिकेला बोल लावणे, एवढाच आमचा त्याच्याशी संबंध होता. रस्त्याकडेचा कचरा हा सौंदर्यदृष्टीचा प्रश्न आहे, अशी आपली समजूत असते. वास्तविक तो कुटुंबाच्या प्रकृतीचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर बऱ्याच अंशी शेजाऱ्या-शेजाऱ्यांच्या हातात असते.

डासाचे जग लहान असते

डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास गटाराच्या घाण पाण्यापेक्षा लहानशा भांड्यात साचलेले, तुलनेने स्वच्छ पाणी पसंत करतो. शहाळ्याची कवटी, पेला, बाटलीचे झाकण किंवा टायरची खोबण त्याला पुरेशी असते. मादी पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या कडेला अंडी चिकटवते. ही अंडी कोरड्या अवस्थेत काही महिने तग धरतात आणि पाण्याचा स्पर्श होताच त्यांतून अळ्या बाहेर पडतात. म्हणून पाणी नुसते ओतून देणे पुरत नाही. भांडे घासावे लागते, किंवा ते टाकाऊ असेल तर तेथून हलवावेच लागते.

या डासाच्या दोन गोष्टी आपल्या फायद्याच्या आहेत. पहिली म्हणजे, तो फार दूर उडत नाही. ज्या ठिकाणी जन्मला तेथून साधारणतः शे-दोनशे मीटरच्या परिघातच त्याचे आयुष्य जाते. आपल्याला चावणारा डास बहुधा आपल्याच गल्लीत वाढलेला असतो. दुसरी म्हणजे, अंड्यापासून पंख फुटेपर्यंत त्याला उष्ण हवेतही आठ ते दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळण्याचा सल्ला आरोग्य खाते देते, तो याच हिशोबाने. जो नियम घरातील पिंपाला लागू पडतो, तोच रस्त्याकडेच्या कवटीलाही. दर रविवारी कोपरा साफ करणारी दहा माणसे डासाच्या जीवनचक्राला नेमक्या वेळी छेद देत असतात.

डासाशिवाय इतरही पाहुणे उकिरड्यावर येतात. खरकट्यावर उंदीर पोसले जातात. त्यांच्या मूत्रातून पाण्यात उतरणारे लेप्टोस्पायरा जंतू पायावरच्या साध्या जखमेतून शरीरात शिरू शकतात. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा तुंबलेल्या नाल्यांत प्लास्टिकच्या पिशव्यांचा वाटा होता; पुराच्या पाण्यातून चाललेल्या मुंबईकरांना त्यानंतर लेप्टोस्पायरोसिसच्या साथीलाही तोंड द्यावे लागले. उकिरड्याभोवती भटक्या कुत्र्यांचे कळप जमतात. गाठ मारलेली पिशवी अन्नासकट गिळणाऱ्या गाईच्या पोटात प्लास्टिकचा गोळा तयार होतो. आणि कंटाळून कोणी ढिगाला काडी लावली, तर जळणाऱ्या प्लास्टिकचा विषारी धूर सर्वांत आधी आपल्याच खिडक्यांतून आत येतो.

हाती खराटा घेतलेला महाराष्ट्र

स्वतःच्या हाताने रस्ता झाडणे ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नाही. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेले डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजेच संत गाडगेबाबा, गावात पोचले की आधी हातातल्या खराट्याने गाव झाडायला लागत. दिवसा रस्ते स्वच्छ होत आणि रात्री कीर्तन रंगे. त्या कीर्तनात उपदेशापेक्षा प्रश्न अधिक असत. श्रोत्यांनीच उत्तरे द्यावीत आणि आपल्याच उत्तरांत सापडावे, अशी त्यांची रीत होती. एक क्रम मात्र ठरलेला असे. झाडू आधी, शब्द नंतर. त्यांच्या नावाने राज्य शासनाने २०००-०१ मध्ये ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले आणि गावागावांत स्वच्छतेची चुरस लागली. अनेक खेड्यांतील लोकांनी श्रमदानाने वर्षानुवर्षांचे उकिरडे हलवले.

गाडगेबाबांच्या खराट्याला आणखी एक अर्थ होता. आपल्या समाजाने घाण करण्याचा अधिकार सर्वांना दिला आणि ती उचलण्याचे काम मात्र जन्मावरून काही जातींच्या माथी मारले. बाबांनी हातात खराटा घेतला, तेव्हा त्या वाटणीलाच नकार दिला. आजही रविवारी एक तास रस्ता झाडणाऱ्याचे छायाचित्र छापून येते; जी व्यक्ती उरलेले सहा दिवस तोच रस्ता झाडते, तिचे नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असते?

तीन रविवारांचा धडा

ती मुलगी घरी परतल्यानंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही चौदा जण सकाळी सात वाजता डीपीपाशी जमलो. फावडी, घमेली, गोण्या आणि अपार उत्साह होता. अडीच तासांत अकरा गोण्या भरल्या. प्रभागातील मुकादमांना आधी सांगून ठेवले होते, त्यामुळे गाडी येऊन गोण्या घेऊन गेली. आम्ही चहा प्यायलो, छायाचित्रे काढली आणि कृतार्थ मनाने घरी गेलो.

मंगळवारी सकाळी तेथे पहिली पिशवी पडली. शुक्रवारपर्यंत ढीग गुडघ्याएवढा झाला. दुसऱ्या रविवारी नऊ जण आले, तिसऱ्या रविवारी पाच. “लोक सुधारणार नाहीत” हे वाक्य त्या दिवशी किमान चार वेळा उच्चारले गेले. येथे कचरा टाकणाऱ्यास दंड होईल, असा फलक कोणीतरी लावला. दोन दिवसांनी त्याच फलकाला अडकवलेली पिशवी दिसली.

देशभरातील स्वयंसेवी मोहिमा नेमक्या याच टप्प्यावर विरून जातात. कचरा उचलणे जमते, कोपरा राखणे जमत नाही.

बोलायचे नाही, काम करायचे

बंगळुरूमध्ये २०१० पासून ‘द अग्ली इंडियन’ या नावाने काम करणाऱ्या नागरिकांनी या दुखण्यावर एक वेगळा उपाय शोधला. त्यांचा नेता कोण हे कळत नाही. जाहीर भाषणातही त्यांचा प्रतिनिधी चेहरा झाकून, ‘अनामिक नागरिक’ या नावाने बोलतो. ‘काम चालू, मुँह बंद’ हे त्यांचे घोषवाक्य. लोकांना दोष देणे, निदर्शने करणे, उपदेश करणे हे त्यांच्या रीतीत बसत नाही. ते एक कोपरा निवडतात, आधी त्याचे निरीक्षण करतात, मग एका सकाळी तो साफ करून भिंत रंगवतात, फरशी बसवतात, कुंड्या ठेवतात. त्यानंतर तो कोपरा टिकतो की नाही, हीच त्यांची परीक्षा असते.

यामागचे तत्त्व संशोधनातूनही पुढे आले आहे. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथील संशोधकांनी केलेले काही प्रयोग २००८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यांतील एका प्रयोगात एका बोळात उभ्या असलेल्या सायकलींच्या हँडलना जाहिरातीचे कागद अडकवले होते. जवळपास कचरापेटी नव्हती. बोळातील भिंत स्वच्छ असताना ३३ टक्के लोकांनी कागद खाली टाकला. तीच भिंत रेघोट्यांनी विद्रूप केल्यावर हे प्रमाण ६९ टक्क्यांवर गेले. साधारण त्याच प्रकारची माणसे त्याच बोळात दुप्पट बेफिकीर झाली. ‘येथे चालते’ हे जागाच माणसाला सांगत असते. सोन्यासारख्या सारवलेल्या अंगणात थुंकायला संकोच वाटतो, हे आपल्या आजीलाही ठाऊक होते.

पाळत ठेवल्यावर काय दिसले

बंगळुरूकरांचे हे निरीक्षण आम्ही उसने घेतले. चार दिवस, पहाटे साडेपाच ते रात्री अकरा, आळीपाळीने गच्चीतून आणि दुकानाच्या पायरीवरून कोपऱ्याकडे लक्ष ठेवले. कोणाला हटकायचे नाही, छायाचित्र घ्यायचे नाही, फक्त वहीत नोंद करायची, असे ठरले होते.

‘बाहेरचे लोक येऊन टाकतात’ हा आमचा सिद्धांत पहिल्याच दिवशी कोसळला. सकाळी सात ते आठ या वेळेत दुचाकीवरून कामाला निघालेली माणसे पिशवी भिरकावत. कचरा घेणाऱ्या ताई नऊनंतर येत, आणि त्या वेळी ही घरे बंद असत. एका इमारतीत घरकामाला येणाऱ्या मावशींच्या हाती जाताना पिशवी दिली जाई. ती कोठे टाकावी हे कोणी सांगत नसे. चहाच्या टपरीला पेल्यांसाठी पेटी नव्हती. शहाळेवाल्या काकांना आमच्यातील एकाने विचारले, “काका, संध्याकाळी या कवट्या कुठं जातात?” ते म्हणाले, “जायच्यात कुठं? गाडी घेत नाही, मग तिथंच.”

चौथ्या दिवशी आम्ही हातमोजे घालून एक फाटलेली पिशवी उघडली. भाजीची देठे, दुधाच्या पिशव्या आणि एक कुरिअरचे पाकीट निघाले. पाकिटावर माझ्या घराचा पत्ता होता. आम्ही दोन दिवस गावाला गेलो असताना घरात आलेल्या पाहुण्यांनी कचरा ‘सर्व जण टाकतात तेथे’ नेऊन टाकला होता. फलकावरील दंडाचा मजकूर ज्या वहीवर लिहून पाहिला होता, ती वही माझीच होती.

त्या दिवसापासून ‘लोक’ हा शब्द आमच्या बैठकांतून हळूहळू नाहीसा झाला.

कोपरा राखण्याची रीत

उपाय साधे निघाले. कचरा घेणाऱ्या ताईंशी बोलून, त्यांच्या सोयीने, लवकर बाहेर पडणाऱ्या घरांसाठी प्रत्येक इमारतीच्या आवारात झाकणाच्या दोन बादल्या ठेवल्या. एक ओल्यासाठी, एक सुक्यासाठी. टपरीवाल्यांना पेटी दिली आणि ती रिकामी करण्याची जबाबदारी त्यांनी आपणहून घेतली. शहाळ्यांच्या कवट्या पाणी साचणार नाही अशा उभ्या चिरून पोत्यात भरायच्या, आणि पोते ठरलेल्या वारी महापालिकेच्या गाडीत द्यायचे, असे मुकादमांशी बोलून ठरवले. मग शेवटी कोपरा साफ केला, भिंतीला गेरूचा रंग दिला, डीपीच्या दारासमोरची वाट मोकळी सोडून बाजूला तुळस आणि सदाफुलीच्या कुंड्या ठेवल्या. पहिले तीन आठवडे रोज सकाळी कोणीतरी पाच मिनिटे तेथे जाऊन पडलेली एखादी पिशवी उचलत असे. हेच आठवडे निर्णायक ठरतात, कारण पहिली पिशवी दहा पिशव्यांना आमंत्रण देते.

यंत्रणेशी जोडून घेतल्याशिवाय मोठी मोहीमही टिकत नाही, याचा अनुभव वर्सोव्याच्या किनाऱ्याने दिला आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये वकील अफरोज शाह आणि त्यांचे ८४ वर्षांचे शेजारी हरबंश माथुर या दोघांनीच तेथे कचरा उचलायला प्रारंभ केला. आठवड्यामागून आठवडे माणसे जोडली गेली, आणि २०१६ साली संयुक्त राष्ट्रांनी शाह यांना ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ हा सन्मान दिला. तरीही २०१७ च्या नोव्हेंबरात, गोळा केलेला कचरा वेळेवर उचलला जात नाही आणि स्वयंसेवकांना त्रास दिला जातो, या कारणांनी त्यांना काम थांबवावे लागले होते. आश्वासन मिळाल्यावर ते पुन्हा सुरू झाले. मार्च २०१८ मध्ये त्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे जाताना दिसली. नागरिकांनी गोळा करायचे आणि यंत्रणेने वाहून न्यायचे, ही साखळी एका कडीपाशी तुटली तरी गोण्यांचाच नवा उकिरडा होतो.

मोहिमेला निघण्यापूर्वी

सेवाभाव चांगला, पण त्यातून दुखणे ओढवून घेऊ नये. कुटुंबासह अशा कामाला जाणाऱ्यांनी पुढील काळजी घ्यावी.

• जाड रबरी हातमोजे, पूर्ण बंद बूट आणि लांब बाह्यांचे कपडे वापरावेत. कचरा शक्यतो लांब चिमट्याने किंवा फावड्याने उचलावा. पिशवी हाताने दाबू नये, कारण आत काच किंवा सुई असू शकते.

• इंजेक्शनची सुई दिसल्यास टोपण बसवण्याचा प्रयत्न करू नये. चिमट्याने ती जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकून झाकण लावावे आणि आरोग्य कर्मचाऱ्यांच्या स्वाधीन करावी. सुई टोचल्यास जखम साबण-पाण्याने धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

• प्रौढांनी धनुर्वात प्रतिबंधक लस दर १० वर्षांनी घेतलेली असावी. मळकट जखम झाल्यास पुन्हा मात्रा हवी का, हे डॉक्टरांना विचारावे.

• पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नये. पाण्यात काम केल्यानंतरच्या पंधरवड्यात ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना किंवा डोळ्यांत लाली आढळली, तर पाण्यात काम केल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

• कुत्रा चावल्यास किंवा त्याने ओरखडल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि रेबीजच्या लसीसाठी विनाविलंब जावे.

• मुलांना कागद, झाकणे, बाटल्या असा कोरडा कचरा वेचू द्यावा. काच, औषधे व ओला कचरा मोठ्यांनी हाताळावा. वाहनांच्या दिशेला तोंड करून, उठून दिसणाऱ्या रंगाचे कपडे घालून काम करावे. महामार्गाच्या कडेला मुलांना नेऊ नये.

• पालापाचोळ्यासह कोणताही कचरा जाळू नये. घरात दम्याचा रुग्ण असेल, तर धूळ उडवणारे झाडलोटीचे काम त्याने टाळावे.

स्वयंपाकघरातील ओटा

आमच्या चार दिवसांच्या वहीने शेवटी जेथे नेऊन सोडले, ती जागा रस्त्यावर नव्हती. ती आपल्या ओट्याखाली होती. आपल्या शहरांतील घरगुती कचऱ्यात साधारण निम्मा भाग ओल्याचा असतो. दुर्गंधी, माश्या, उंदीर आणि कुत्री या सर्वांचे मूळ त्यातच आहे. ओले आणि सुके घरातच वेगळे केले, तर सुका कचरा घाण राहत नाही. तो विकता येतो, वेचता येतो. ओल्याचे खत कुंडीतही होते. तळाला छिद्रे असलेल्या कुंडीत वाळलेला पाला किंवा नारळाचा भुसा, त्यावर चिरलेला ओला कचरा, पुन्हा पाला, असे थर देत जावे. वास येऊ लागला तर ओलावा अधिक झाला आहे असे समजून कोरडा पाला वाढवावा. सुमारे दोन महिन्यांत मातीसारखा गंध असलेले खत हाती येते.

आणखी एक शिष्टाचार प्रत्येक घराने पाळावा. पुण्यात कचरावेचकांची संघटना १९९३ पासून कार्यरत आहे, आणि तिच्यातूनच उभी राहिलेली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था दारोदार कचरा गोळा करते. वापरलेले सॅनिटरी पॅड व डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, असा आग्रह या कामातील स्त्रियांनी धरला. तो ठिपका पाहिला की ते पुडके उघडून पाहण्याची वेळ कोणावर येत नाही. ठिपका काढायला दोन सेकंद लागतात, आणि त्यामुळे कोणाचा तरी हात रोगजंतूंपासून व अपमानापासून वाचतो.

त्या पावसाळ्याला आता दोन वर्षे झाली. त्यानंतरच्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत डेंग्यूचा एक रुग्ण आढळला. केवळ कोपरा साफ ठेवल्याने रोग हटला, असा दावा करता येणार नाही. साथीचे चढउतार अनेक कारणांनी होत असतात. कोपरा अधूनमधून अजूनही बिघडतो. गणपतीच्या दिवसांत आणि दिवाळीच्या आवराआवरीत तर हमखास. पण पहिली पिशवी पडली की ती दुपारपर्यंत कोणीतरी उचललेली असते.

सदाफुलीला पाणी घालण्याचे काम त्या सहावीतल्या, आता आठवीत गेलेल्या मुलीने स्वतःकडे घेतले आहे. कुंड्यांखाली ताटली ठेवायची नाही, हा नियमही तिचाच.